रेसचा रविवार आणि परीक्षेची फी

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या फोंडाघाट येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू गुरांचा डॉक्टर. घोड्यांच्या रेसबद्दल बोल, सगळ्यांना ऐकायला आवडेल. पण वीस मिनिटांत आटप, मागाहून जेवण आहे." जेवणाला सोलकढी आहे हे मला कळलेलं आहे, त्यामुळे मी वेळ पाळणार.

विषय ऐकून काही जण हसले असतील. आपल्या फोंड्यात घोडा होता कुठे? बैल होते, रेडे होते, घाटावरून भाजीचे ट्रक उतरायचे, दाजीपूरच्या जंगलातल्या गव्यांच्या गोष्टी होत्या. पण माझ्या वर्गातल्या निदान पाच-सहा घरांत घोडा होता, हे मी खात्रीने सांगतो. तो दिसायचा नाही. तो मनीऑर्डरीत असायचा.

आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका, मामा मुंबईला गिरणीत होते. माझे बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. राहायचे गावकरी मंडळाच्या खोलीत. एका खोलीत तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक, पाळीप्रमाणे झोपायचं, जेवण खानावळीत. दर महिन्याला घरी मनीऑर्डर. पावसाळ्यात ती वेळेवर यायची. दिवाळीनंतर मात्र तिचा नेम नसायचा. आई पोस्टमनला विचारायची, "इली काय?" आणि तो मान हलवून पुढे जायचा. ती काही बोलायची नाही. दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या तरी खळ्यावर भात झोडायला जायची.

पावसाळ्यात का यायची आणि दिवाळीनंतर का चुकायची, हे मला फार उशिरा समजलं. मुंबईच्या रेसचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. पावसाळ्यात रेस पुण्याला होते, आणि गिरणी कामगाराला दर आठवड्याला पुणं परवडत नाही.

महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ साली तयार झालं. त्याआधी मुंबईची रेस भायखळ्याला व्हायची. महालक्ष्मीची जागा म्हणजे समुद्रालगतची दलदल होती. ती भरून मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर हे लंबवर्तुळाकार मैदान आखलं. सव्वादोनशे एकरांच्या आसपासचा विस्तार. एका बाजूला हाजी अली, दुसऱ्या बाजूला धोबीघाट आणि गिरण्यांची धुराडी. मुंबईतल्या बड्या बंगल्यांच्या आणि कामगारांच्या चाळींच्या बरोबर मधे हे मैदान पडलं. त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी माणसं यायची. रेस चालवणाऱ्या क्लबला १९३५ साली इंग्लंडच्या राजाकडून 'रॉयल' हा शब्द मिळाला आणि तो 'रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब' झाला. इंडियन डर्बी पहिल्यांदा झाली १९४३ साली. जिंकली 'प्रिन्सेस ब्युटिफुल' नावाच्या घोडीनं. मालक बडोद्याचे महाराज, स्वार एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन. फेब्रुवारीतला पहिला रविवार हा साधारण डर्बीचा रविवार.

डर्बी म्हणजे चोवीसशे मीटर, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. इथे एक गंमत सांगतो. रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी धरतात, १ जानेवारीला. आपल्या शाळेत बऱ्याच मुलांची जन्मतारीख १ जून असायची, तसंच. गुरुजी दाखल्यावर लिहून मोकळे व्हायचे. क्लबही तेच करतो.

दुसरी गंमत हँडिकॅपची. रेसमध्ये चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात. जॉकी हलका असला तर खोगिराखाली शिशाचे तुकडे घालून वजन पुरं करतात. हेतू असा की सगळे घोडे शेवटी जवळजवळ एका रेषेत यावेत आणि बघणाऱ्याला चुरस वाटावी. शाळेच्या रेसमध्ये वजन कोण ठरवतं? घाटाखालच्या वाडीतून दोन मैल चालत येणारा मुलगा आणि बाजारपेठेतला मुलगा एकाच बाकावर बसायचे. त्यांच्या पाठीवर किती वजन आहे हे कुणी मोजलेलं नव्हतं. काही शिक्षकांना मात्र ते न मोजता कळायचं. त्याकडे मी शेवटी येतो.

आता गणित. आमच्या गणिताच्या सरांसमोर हे गणित सोडवताना आजही हात थरथरतो. रेसमध्ये पैसे लावायच्या दोन पद्धती. एक बुकीकडे, दुसरी टोटवर. टोट म्हणजे सगळ्यांनी लावलेले पैसे एका गल्ल्यात जमा करायचे, त्यातून कर आणि क्लबचा हिस्सा कापायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. समजा शंभर रुपयांतले वीस कापले. उरले ऐंशी. ते कुणाला मिळाले हा नशिबाचा आणि अभ्यासाचा भाग झाला. पण सगळ्या गर्दीचा मिळून विचार केला तर शंभराचे ऐंशी झाले. तेच ऐंशी दुसऱ्या शर्यतीत लावले, चौसष्ट. तिसरीत एक्कावन्न. चौथीत एक्केचाळीस. दिवसात आठ शर्यती असल्या तर संध्याकाळी शंभरातले सतरा उरतात. घोडा कोणताही जिंको, हे गणित बदलत नाही. बाबा सातवी शिकलेले होते. हे गणित त्यांना येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाला वाटतं की गणित गर्दीचं आहे, माझं वेगळं.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, तमिळनाडूच्या एका खटल्यात, घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नाही, असा निकाल दिला. घोड्याचं कूळ, त्याचा सराव, स्वाराचं कसब, मैदानाची स्थिती यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हा त्यामागचा विचार. तो चूक नाही. मी अभ्यासानं जिंकणारी माणसं पाहिली आहेत. पण अभ्यास केला तरी वीस रुपये कापले जातातच. आणि आता कर कितीतरी वाढला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो चाळीस टक्के झाला.

मी रेस पहिल्यांदा पाहिली १९८५ साली. बारावीनंतर परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला होता. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला होता आणि बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. अडीच लाख कामगारांपैकी ते एक. गावी परत यायला त्यांना लाज वाटत होती, म्हणून एका इमारतीवर रखवालदारी करत होते. एका रविवारी ते होस्टेलवर आले आणि म्हणाले, "चल, घोडे दाखवतंय. तुझ्याच धंद्याचे आसत."

मी रागातच गेलो. आईनं भात झोडलेले दिवस माझ्या डोक्यात होते. आम्ही स्वस्तातल्या स्टँडकडे गेलो. तिथे मला पहिल्यांदा समजलं की ही माणसं इथे का येतात. साचेखात्यात सहा दिवस यंत्रांचा इतका आवाज की माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. बाबांना डाव्या कानानं कमीच ऐकू यायचं. आणि इथे, घोडे शेवटच्या वळणावर आले की हजारो माणसं एकदम ओरडायची, आणि बाबाही. मी त्यांना आयुष्यात तेव्हाच मोठ्यानं ओरडताना पाहिलं. पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावं ते आपल्या वाडीतल्या माणसांसारखी घ्यायचे. गोऱ्या जॉकींच्या जमान्यात मराठी पोरं पुढे आली, याचा त्यांना अभिमान होता. मालक राजे आणि कारखानदार. पण घोड्यावर बसणारा आणि त्याला खरारा करणारा मोतद्दार आपल्यातला.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न कप १८६१ पासून होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी त्या शहराला चक्क सार्वजनिक सुट्टी असते. घराघरांत, कचेऱ्यांत लोक ती शर्यत बघतात. आपल्याकडे ती जागा क्रिकेटनं घेतली. रेस मुंबई, पुणे, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्या शहरांपुरती राहिली. त्याचं एक कारण मला वाटतं ते असं. क्रिकेट मुलगा गल्लीत फळकुटानं खेळू शकतो. रेस नुसती बघता येते आणि पैसे लावता येतात. ज्या खेळाला पोरांचं अंगण नाही, तो घराघरांत पोचत नाही. गावात आपली शर्यत बैलांची. तिच्यावर २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्या सात वर्षांत लोक मला विचारायचे, "डॉक्टर, घोडा पळतो ते चालतं आणि बैल पळतो ते चालत नाही, हे कसं?" २०१४ च्या निकालात म्हटलं होतं की बैलाची शरीररचना धावण्यासाठी नाही. शरीरशास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण घोड्याला काही सोसावं लागत नाही, असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये.

थरोब्रेड घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा. तो ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावतो, तेव्हा एका क्षणी सगळं वजन एकाच पायावर येतं, आणि तो पाय गुडघ्याखाली माझ्या मनगटापेक्षा फारसा जाड नसतो. तिथे हाड मोडलं तर बहुतेक वेळा इलाज नसतो. घोडा आठवडेच्या आठवडे निजून राहू शकत नाही. तीन पायांवर उभा राहिला तर उरलेल्या पायांचे खूर कामातून जातात. मग एकच इंजेक्शन उरतं. मी शासकीय नोकरीत बहुतेक गाई-म्हशींमध्येच राहिलो. पण शिकताना एकदा तसं इंजेक्शन देताना पाहिलं. त्या घोड्याचा मोतद्दार त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं त्या घोड्यावर कधी एक रुपया लावला नव्हता.

आता घोड्यांचं दुसरं एक ऋण सांगतो, ते या सभागृहात बसलेलं आहे. आपण आठवीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आपल्यातल्या एकाला गवत कापताना फुरसं चावलं. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्याला जीप करून कणकवलीला नेलं, इंजेक्शनं दिली आणि तो वाचला. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि मघाशी त्यानं दोन वडे जास्त खाल्ले. परळला शिकताना मला समजलं की ते औषध घोड्याच्या रक्तातून येतं. आमच्या महाविद्यालयाच्या जवळच हाफकिन संस्था. घोड्याला नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष अगदी थोड्या मात्रेत टोचायचं, महिनोन्महिने मात्रा वाढवत न्यायची. त्याच्या रक्तात विषावरचा उतारा तयार होतो. मग ते रक्त काढून, शुद्ध करून माणसासाठी औषध करायचं. पुण्याच्या पूनावालांचा मूळ धंदा रेसच्या घोड्यांच्या पैदाशीचा. त्यांचे निवृत्त घोडे सीरम करण्यासाठी हाफकिनला जायचे. त्यातूनच आपणच सीरम का करू नये असा विचार निघाला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आपण सगळ्यांनी करोनात घेतलेल्या लशीचं मूळ असं तबेल्यात सापडतं. घोड्यानं माझ्या घरातून काही नेलं असेल, पण आपल्या वर्गाला एक मित्र परत दिला.

त्या रविवारी बाबा मला पॅडॉककडे घेऊन गेले. शर्यतीआधी घोडे तिथे फिरवतात. ते म्हणाले, "घोड्याचा तोंड बघू नको, पाय बघ. तोंड सगळ्यांचाच बरा असता." एका तांबड्या घोड्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "ह्यो उजवो मागलो पाय हलकोच टेकता. ह्यो येवचो नाय." मला काहीच दिसत नव्हतं. घोडा शेवटून दुसरा आला. पुढे नोकरीत लंगडणारं जनावर लांबून ओळखायची माझी ख्याती झाली, ती कॉलेजमध्ये मिळालेली नाही. त्या दिवशी बाबांनी एकही तिकीट काढलं नाही. खिशात परतीच्या बसचे पैसे तेवढे होते.

कठड्याला टेकून उभे असताना त्यांनी मला विचारलं, "तुझ्या धावीच्या फीचे पैसे आवशीन खंयसून हाडल्यान?"

मी म्हटलं, "आई म्हणता, तुमीच धाडलास. मंडळाच्या माणसाबरोबर."

ते बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी नाय धाडूक. ते पैसे मी हयच घातलंय."

१९८० च्या नोव्हेंबरातली ती गोष्ट. दहावीचे फॉर्म भरायचे होते. फीची रक्कम आज सांगितली तर आमची नातवंडं हसतील. मनीऑर्डर आली नव्हती. मी चार दिवस शाळेला येतो सांगून नदीवर बसलो होतो. पाचव्या दिवशी वर्गात गेलो तर सर म्हणाले, "तुझे पैसे आले आहेत, सही कर." मी सही केली आणि घरी सांगितलं, पैसे पोचले. आईला वाटलं, बाबांनी पाठवले. बाबांना वाटलं, आईनं काहीतरी विकलं. विचारायची दोघांनाही भीती. सव्वाचार वर्षं त्या फीबद्दल आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं.

नंतर सुट्टीत आलो तेव्हा शाळेच्या कार्यालयात गेलो. जुन्या पावतीपुस्तकात माझं नाव होतं, रक्कम होती. कुणी भरली ते लिहिलेलं नव्हतं. शिपाईकाका तेवढे म्हणाले, "त्या वर्षी तुझ्यासारखे आणखी तीन होते. सरांनी पगार घेतला आणि तिथेच मोजून दिला."

सर, तुम्ही आज व्यासपीठावर बसला आहात आणि आता खाली बघताय. मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मला काही आठवत नाही, तू अभ्यास कर." गणिताच्या शिक्षकाला आकडे आठवत नाहीत यावर मी तेव्हाही विश्वास ठेवला नव्हता. बाकीचे तीन कोण, ते मला माहीत नाही. त्यांना स्वतःलाही कदाचित माहीत नसेल. आम्ही परीक्षा दिली ती रत्नागिरी जिल्ह्यात. १ मे १९८१ ला नवा जिल्हा झाला आणि निकाल घेतला तो सिंधुदुर्गात. त्या निकालपत्रांतली चार तुमच्या पगारातून आलेली होती.

बाबा १९८७ मध्ये गावी परत आले आणि पुन्हा महालक्ष्मीला गेले नाहीत. त्यांना मी दोषी म्हणत आलो, आज तसं म्हणवत नाही. संपात गेलेली गिरणी त्यांनी घालवली नव्हती. पण नोव्हेंबरातली ती मनीऑर्डर त्यांनी घालवली होती, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मुलासमोर असं कबूल करणारे बाप मी फार पाहिलेले नाहीत.

आता महालक्ष्मीही बदलते आहे. २०२४ मध्ये तिथली सुमारे एकशेवीस एकर जागा महापालिकेकडे उद्यानासाठी गेली, रेसकडे नव्वदच्या आसपास एकर राहिली. हंगाम चालू आहे. बाबांच्या वेळी पैसे घालवायला निदान मैदानापर्यंत चालत जावं लागायचं, आणि पावसाळ्यात ते बंद असायचं. आज तो खेळ पोरांच्या खिशात आला, आणि मोबाइलला पावसाळ्याची सुट्टी नसते. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, ते चांगलं झालं. पण कायद्याआधी शंभराचे सतरा कसे होतात, हे गणित शाळेत एकदा फळ्यावर सोडवून दाखवावं, अशी आजच्या शिक्षकांना विनंती आहे. पाच मिनिटं लागतात.

आणि आपल्या तुकडीला एक विनंती. आज आपण शाळेला काय द्यायचं यावर बैठक आहे. कुणी कमान म्हणतं, कुणी पंखे म्हणतं. पंखे द्याच. पण त्याबरोबर थोडी रक्कम शाळेच्या खात्यात ठेवू. दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी ज्याचे पैसे आले नाहीत, त्याला कार्यालयातून सांगायचं, "तुझे पैसे आले आहेत, सही कर." कुणी दिले ते लिहायचं नाही. पद्धत नवी नाही, सरांनी ती घालून दिलेली आहे.

माझी वीस मिनिटं झाली. सर, जेवायला मी तुमच्या शेजारी बसणार आहे. तुम्हाला काही आठवत नसलं तरी चालेल.